कोणता ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ लावायचा?

आमच्या नागपूरच्या मंडळींत महिन्यातून एकदा एक अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकायचा प्रघात आहे. मधे कोणी बोलायचं नाही, गप्पा नंतर. मे महिन्यासाठी ‘बीटल्स’ या ब्रिटिश बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ ठरला आणि घोडं अडलं ते कोणती आवृत्ती लावायची यावर. त्याला व्यवहाराचीही एक बाजू होती. ज्यांच्या प्रतापनगरच्या हॉलमध्ये आम्ही जमतो, ते वीज मंडळातून निवृत्त झालेले काका २०२१ चा नवा रेकॉर्डसंच मागवायच्या बेतात होते. संच चांगलाच महाग. त्यांच्याकडे जुना ब्रिटिश संच आहेच. मग नव्यात असं काय आहे?

असे वाद सहसा चवीवर येऊन थांबतात: तुला हे आवडतं, मला ते. इथे थोडं पुढे जाता आलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

अल्बमची कुंडली

बीटल्स फुटल्याची बातमी एप्रिल १९७० मध्ये आली. हॅरिसनकडे तोवर गाण्यांचा मोठा साठा पडून होता, कारण बीटल्सच्या अल्बमवर त्याच्या वाट्याला सहसा एखाद-दोन गाणीच यायची. तो साठा नोव्हेंबर १९७० मध्ये तीन रेकॉर्डच्या पेटीतून बाहेर आला. दोन रेकॉर्ड गाण्यांच्या, तिसरी ‘ॲपल जॅम’, म्हणजे स्टुडिओत जमलेल्यांनी मोकळेपणी वाजवलेलं. जमलेलेही कसे! एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, बिली प्रेस्टन, क्लाउस फोरमन, गॅरी राइट, बॅडफिंगर या बँडचे गिटारवाले, नॅशव्हिलहून आलेला स्टीलगिटारवाला पीट ड्रेक, बॉबी कीज आणि जिम प्राइस यांचे ब्रास (फुंकायची पितळी वाद्यं), आणि जॉन बारहॅमने लिहिलेले वाद्यवृंद.

निर्मितीत हॅरिसनच्या जोडीला होता फिल स्पेक्टर. साठच्या दशकात लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत त्याने ‘वॉल ऑफ साउंड’ ही पद्धत रूढ केली. एकच सूर तीन-चार गिटारांना, दोन-तीन पियानोंना एकदम वाजवायला लावायचा, सगळे एका खोलीत, आणि वरून एको चेंबर, म्हणजे आवाज घुमवणारी खोली. कुठलं वाद्य कुठलं ते ओळखू येऊ नये, सगळ्यांचा मिळून एक लोंढा अंगावर यावा, हाच त्यातला हेतू. ‘वाह-वाह’ आणि ‘अवेटिंग ऑन यू ऑल’ या गाण्यांत तो लोंढा पुरता येतो.

सगळा दोष स्पेक्टरच्या माथी मारायची एक सवय या अल्बमच्या चाहत्यांत आहे. ती मला पटत नाही. तो कामाच्या मधल्या काळात बराच गैरहजर होता आणि वरचे थर चढवण्याचं पुष्कळ काम हॅरिसनने त्याच्याशिवायच केलं. शिवाय ऑगस्ट १९७० मध्ये कच्चे मिक्स (सुटे मुद्रित केलेले आवाज आणि वाद्यं जुळवून एकत्र केलेली रूपं) ऐकून स्पेक्टरने हॅरिसनला जे पत्र लिहिलं, त्यात अल्बमभर तुझा आवाज नीट ऐकू यायला हवा असा त्याचाच आग्रह आहे. हॅरिसन गायक म्हणून बुजरा होता. एकोच्या पडद्याआड उभं राहणं त्यालाही सोयीचं वाटलं असेल, असा माझा तर्क.

तीन वेगळी कामं

आमच्या वादात पहिला गोंधळ हा होता की नव्या आवृत्त्यांना सगळेच सरसकट ‘रीमास्टर’ म्हणत होते.

२००१ च्या जानेवारीत आलेली सीडी हे रीमास्टर. १९७० मध्ये तयार झालेली दोन ट्रॅकची अंतिम टेप घ्यायची, ती डिजिटलमध्ये उतरवायची, बास-ट्रेबलचा तोल आणि एकूण पातळी ठीक करायची. गायकाचा आवाज वर आणि ढोल खाली असं इथे करता येत नाही, कारण ते आधीच एकजीव झालेले असतात. हे काम खुद्द हॅरिसनच्या देखरेखीखाली झालं. त्या आवृत्तीच्या टिपणात त्याने लिहिलं आहे की सगळी गाणी नव्याने मिक्स करण्याचा मोह आवरणं कठीण गेलं, आणि तेव्हा योग्य वाटलेला तो अवाढव्य एको आता जरा जास्तच वाटतो. तरी त्याने मूळ मिक्सला हात लावला नाही. ‘माय स्वीट लॉर्ड’ मात्र नव्याने करून जोडीला ठेवलं. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला तो गेला.

२०१४ चंही रीमास्टरच, पुन्हा मूळ ॲनालॉग टेपवरून. बीटल्सच्याच ‘ॲपल’ या रेकॉर्ड कंपनीकडच्या त्याच्या काळातल्या सहा अल्बमचा संच निघाला, त्यातलं हे एक.

२०२१ चं काम जातीनेच वेगळं. हॅरिसनचा मुलगा धनी याने पॉल हिक्सकडून अख्खा अल्बम रीमिक्स करवून घेतला. म्हणजे दोन ट्रॅकच्या टेपच्या मागे, मूळ आठ आणि सोळा ट्रॅकच्या टेपपर्यंत जायचं आणि प्रत्येक ट्रॅकची पातळी, जागा, एको नव्याने ठरवायचा. त्यालाही मर्यादा आहे. लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत सुरुवातीचं ध्वनिमुद्रण आठ ट्रॅकवर झालं. वाद्यं इतकी असताना एका ट्रॅकवर अनेकांना दाटीवाटीने बसवावं लागलं. त्यातून एका खोलीत सगळे वाजवत असले की ड्रम्स गिटारच्या माइकमध्ये शिरतातच. जे टेपवर एकत्र चिकटलं, ते सुटं करणं फार अवघड. रीमिक्स करणारा एको कमी करतो, पूर्ण पुसणं कठीण.

पहिली बैठक, जी फुकट गेली

तुलना करायची म्हणून काकांनी एकाच अँपला (ॲम्प्लिफायरला) तिन्ही गोष्टी जोडल्या: टर्नटेबलवर जुनी रेकॉर्ड, सीडी प्लेअरमध्ये माझी २००१ ची सीडी आणि एका वायरने जोडलेला फोन, त्यावर २०२१ चा मिक्स. फोन आमच्यातल्या एका पोराचा. पोरगं म्हणतो, पण तो सदर भागातल्या एका स्टुडिओत मिक्सिंग करतो, कान तयार आहेत. त्याचं म्हणणं ठाम होतं की रीमिक्स ऐकल्यावर जुन्याकडे कोणी फिरकणारच नाही.

झालं उलटं. एकजात सगळ्यांनी सीडीला कौल दिला. भरीव, चमकदार, बास दमदार. फोनवरचं पातळ वाटलं. पोराचा चेहरा उतरला.

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “ते दुसरं तं नुसतं मोठ्यानं वाजून राहिलं नं. त्याच्यात काय एवढं?”

त्या बैठकीतलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच. घरगुती सीडी प्लेअर साधारण २ व्होल्टचा सिग्नल बाहेर टाकतो. फोनच्या हेडफोनच्या भोकातून त्याच्या निम्माही निघत नाही. त्यावर स्ट्रीमिंगवाल्यांची पातळी सारखी करण्याची सोय असते. स्पॉटिफायची ठरलेली पातळी उणे १४ लुफ्स (ऐकू येणाऱ्या जोराचं माप) आहे, म्हणजे त्याहून जोरकस गाणं ते आपणहून खाली आणतात. अँपचं बटण एकाच जागी ठेवून स्रोत बदलत गेलं तर फोन हरणार हे आधीच ठरलेलं.

आणि हरतानाही तो ‘हळू’ वाटत नाही, ‘वाईट’ वाटतो. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की आवाज हळू झाला की कानाला खर्ज आणि फार वरचे स्वर मधल्या पट्टीपेक्षा जास्त वेगाने कमी ऐकू येऊ लागतात. त्यामुळे तेच गाणं थोडं मोठ्याने लावलं की त्याचा बास भरतो आणि झांजा चमकतात. फरक एखाद-दोन डेसिबलचा असला तर कोणाला ‘मोठा’ म्हणून जाणवतही नाही, फक्त ‘बरा’ वाटतो. दुकानात स्पीकर विकणाऱ्यांना ही गंमत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

दुसरी बैठक

यावेळी पोराने सूत्रं हातात घेतली. २००१ ची सीडी, २०१४ च्या रीमास्टरची विकत घेतलेली फाइल आणि २०२१ चा मिक्स हे तिन्ही एका लॅपटॉपवर घेतले. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक गाण्याची ऐकू येणारी पातळी मोजून जोरकस होतं ते खाली आणून सगळी समान केली. हळू असलेलं वर खेचायचं नाही, कारण आवाजाची शिखरं कापली जाऊन तो फाटण्याची भीती असते. मग एकाच वाटेने, एकाच अँपमधून वाजवायचं, आणि कुठलं काय ते फक्त त्याला माहीत. आम्ही कागदावर लिहायचं.

रेकॉर्ड या परीक्षेतून बाहेर ठेवली. काका कुरकुरले, पण इलाज नव्हता. सुई टेकल्याची पहिली खरखर ऐकली की कोणालाही कळतं ही कोण, मग डोळे बांधून काय उपयोग? दुसरंही एक कारण होतं, ते पुढे येईल.

शिवाय कूलर. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि कूलरशिवाय हॉलमध्ये बसणं म्हणजे शिक्षा. पण खसाच्या ताट्या लावलेला तो पत्र्याचा कूलर पूर्ण वेगात फिरत असला की त्याच्या घरघरीखाली गाण्यातला सगळा बारीक तपशील गडप होतो. एकोची शेपटी, गायकाचा श्वास, तारेवर सरकणारं बोट: आम्हाला नेमकं तेच ऐकायचं होतं. म्हणून गाणं चालू असेपर्यंत कूलर बंद, कागद भरताना चालू. घामाघूम होऊन केलेली तुलना आहे ही. २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सीडीहून जास्त तपशिलाच्या फाइलींवर पैसे घालणाऱ्यांनी आधी आपल्या खोलीतला कूलर ऐकावा, असं मला तेव्हा फार वाटलं.

२००१ आणि २०१४ यांत पातळी सारखी झाल्यावर फारसं काही उरलं नाही. गिटारवाल्या एका मित्राला झांजांच्या धारेत फरक लागला आणि तो प्रत्येक वेळी बरोबर आला. बाकीच्यांची उत्तरं अंदाजपंचे होती. पहिल्या बैठकीत ज्या सीडीवर सगळे भाळले होते, तिचं तेज बटण खाली आणताच गेलं.

२०२१ चा मिक्स मात्र सगळ्यांनी दरवेळी ओळखला. तो ओळखायला कान तयार लागत नाहीत. गायक चार पावलं पुढे आलेला असतो, बास आणि बासड्रम स्वतंत्र कळतात. खरा प्रश्न त्यानंतरचा: आवडला का?

गाण्यागणिक

‘वाह-वाह’मध्ये वादच उरला नाही. जुन्या मिक्समध्ये गिटारांचा आणि ब्रासचा इतका चिखल आहे की शब्द त्यात रुतून बसतात. हे गाणं हॅरिसनने जानेवारी १९६९ मध्ये बीटल्सच्या तालमीतून तडकाफडकी उठून गेल्यावर लिहिलं. चिडलेल्या माणसाचं गाणं आहे, तेव्हा तो काय म्हणतो ते ऐकू यायला नको? नव्या मिक्समध्ये येतं. जुन्या रेकॉर्डचा अभिमान बाळगणाऱ्या काकांनीही, नाव माहीत नसताना, कागदावर नव्यालाच खूण केली. कळल्यावर म्हणाले, “काहून बे, तू काही गडबड तं नाही केली?” पोराने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

‘इजन्ट इट अ पिटी’ला अगदी उलट. पहिली आवृत्ती सात मिनिटांची. सुरुवातीला जवळजवळ काहीच नाही, आणि मग थर चढत चढत शेवटचा कोरस फिरत राहतो, कोणी कुठे आहे कळेनासं होतं. ते न कळणं हाच त्या गाण्याचा जीव आहे. माणसं एकमेकांना किती सहज दुखवतात याची खंत एका माणसाच्या तोंडून सुरू होते आणि शेवटी ती कोणा एकाची राहत नाही. रीमिक्समध्ये हॅरिसन शेवटपर्यंत वेगळा ऐकू येतो, म्हणून गाणं त्याच्यापुरतंच राहतं. हे माझं मत. पण रीमिक्सचा कैवारी असलेल्या पोरानेही इथे जुन्या मिक्सलाच खूण केली होती आणि नंतर बराच वेळ तो काही बोलला नाही.

‘बिहाइंड दॅट लॉक्ड डोअर’ आणि ‘रन ऑफ द मिल’ मुळातच मोकळी गाणी. तिथे दोन्ही चालतात.

‘बिवेअर ऑफ डार्कनेस’साठी आणखी एक साक्षीदार मिळाला. मे १९७० मध्ये हॅरिसनने स्पेक्टरला गाणी ऐकवताना नुसत्या गिटारवर केलेलं या गाण्याचं कच्चं ध्वनिमुद्रण २००१ च्या सीडीवर जादा म्हणून आहे. २०२१ च्या मोठ्या संचात तर अशी कच्ची आणि बाजूला ठेवलेली रूपं मिळून ४७ आहेत. ते ऐकलं की वॉल ऑफ साउंड चढण्याआधी गाण्यात काय होतं ते कळतं: वळणावळणाने सरकणारे कॉर्ड आणि सावध, जवळजवळ कुजबुजता आवाज. नवा मिक्स त्या कुजबुजीच्या जवळ जातो. मला तो इथे पसंत पडला, गिटारवाल्याला नाही. तो म्हणतो की अंधाराबद्दलचं गाणं अंधारातूनच यायला हवं. यावर तोड निघाली नाही.

काकूंची कसोटी

‘माय स्वीट लॉर्ड’च्या वेळी काकूंना मुद्दाम बसवलं. त्यांनी शाळेत संस्कृत शिकवलं आहे आणि रॉकशी त्यांचा संबंध नवऱ्यापुरता. हे गाणं ‘हालेलुया’वरून ‘हरे कृष्ण’वर सरकतं हे पुष्कळांना माहीत असतं. पण शेवट विरत जाताना मागच्या कोरसमध्ये ‘गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः’ हा अख्खा श्लोक आहे, हे हॉलमधल्या निम्म्या लोकांनी इतक्या वर्षांत कधी ऐकलंच नव्हतं. तो कोरस म्हणजे हॅरिसनने एकावर एक चढवलेला स्वतःचाच आवाज. पेटीवर त्याचं नाव गमतीने ‘जॉर्ज ओ’हारा-स्मिथ सिंगर्स’ असं छापलं आहे.

काकूंची कसोटी सरळ होती: ओळ कळली पाहिजे. जुन्या मिक्समध्ये त्यांना श्लोक आहे एवढं कळलं. नव्यात त्यांनी ‘तस्मै श्रीगुरवे नमः’पर्यंत बोटांवर मोजत साथ केली आणि उच्चारांना पास केलं, थोडे गुण कापून. आम्ही बाकीचे रिव्हर्ब, स्टिरिओ, गरमपणा असले शब्द फेकत होतो. त्यांनी ऐकू येतं की नाही एवढंच विचारलं, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात स्वच्छ उत्तर त्यांचं होतं.

याच गाण्यावर ‘ही’ज सो फाइन’ या आधीच्या गाण्याची चाल उचलल्याचा खटला चालला आणि १९७६ मध्ये न्यायाधीशांनी नकळत झालेली नक्कल असा निकाल दिला. दोन्ही गाणी पाठोपाठ लावा असा एकाचा हट्ट होता. लावली. चाल सारखी आहे. पुढे काही बोलण्यासारखं उरलं नाही.

काय ठरलं

मेच्या बैठकीला आम्ही मूळ मिक्स लावला, २०१४ च्या रीमास्टरमधून. दोन रेकॉर्डची सगळी गाणी त्यांच्या क्रमाने, आणि संपल्यावर ‘वाह-वाह’ व ‘माय स्वीट लॉर्ड’ २०२१ च्या मिक्समधून परत. ‘ॲपल जॅम’ वगळला. क्लॅप्टनसकट सगळ्यांची माफी मागून सांगतो, तो वाजवणाऱ्यांना जितका आवडला तितका ऐकणाऱ्यांना आवडत नाही.

२००१ ची सीडी न लावण्यामागे आवाजाचं कारण नव्हतं. तिच्या पहिल्या तबकडीवर ‘रन ऑफ द मिल’ संपलं की पाच जादा गाणी येतात आणि ‘बिवेअर ऑफ डार्कनेस’ दुसऱ्या तबकडीवर जातं. सलग ऐकताना तो खंड बोचतो. पण त्या सीडीचं आवरण मी सगळ्यांना फिरवून दाखवलं. मूळ कृष्णधवल चित्रात हॅरिसन आपल्या बागेत चार बुटक्या पुतळ्यांमध्ये बसला आहे. २००१ मध्ये त्याने ते रंगवून घेतलं आणि पुढच्या चित्रांत त्याच बागेवर इमारती, धुराडी, उड्डाणपूल चढत जाताना दाखवले. वर्धा रोडच्या ३.१४ किलोमीटर लांब दुमजली पुलाखालून रोज ये-जा करणाऱ्या आमच्या मंडळींना तो विनोद समजावून सांगावा लागला नाही.

राहिला काकांचा खरेदीचा प्रश्न. नवा मिक्स फोनवर आहेच, महिन्याच्या वर्गणीत. कच्ची ध्वनिमुद्रणंही तिथेच. महागड्या संचातून मिळणार ती मुख्यतः छपाई, पेटी आणि मिरवण्याचा आनंद. त्यातही गैर काही नाही, पण ते आवाजाच्या नावाखाली घेऊ नये, असं मी सुचवलं. पोराने अधिक उपयोगाची गोष्ट सांगितली. जुन्या रेकॉर्डची पहिली बाजू त्याने निरखून ऐकली होती. त्या बाजूचं शेवटचं गाणं म्हणजे ‘इजन्ट इट अ पिटी’. रेकॉर्डच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला त्याच्या निम्म्याहूनही कमी. तेवढ्याच आवाजाला तिथे जागा कमी मिळते, आणि सुई झिजलेली असली की तो भाग आधी फाटतो. म्हणजे गाण्याचा सगळ्यात दाट भाग रेकॉर्डच्या सगळ्यात अरुंद जागी, आणि वर काकांची सुई जुनाट. रेकॉर्ड परीक्षेबाहेर ठेवण्याचं दुसरं कारण हेच होतं. काकांना इतकी वर्षं जो स्पेक्टरचा एको वाटत होता, त्यात थोडी सुईची खरवडही होती.

काकांनी संच मागवला नाही. नवी सुई आणली, खाचांतली धूळ ब्रशने आणि डिस्टिल्ड पाण्याने काढली, आणि रेकॉर्डी गच्चीखालच्या तापणाऱ्या खोलीतून खाली आणून कपाटात उभ्या ठेवल्या. आता रेकॉर्ड आणि २०१४ ची फाइल यांची तुलना करायची आहे. ती डिसेंबरात ठेवली आहे, तोवर कूलर माळ्यावर गेलेला असेल.